उन्हाळ्यातलं गोड्या पाण्याचं तळं: पुस्तकातल्या खुणा जुळत नाहीत, ओळखायला मदत हवी

तळीकाठ

गोव्यात केपे तालुक्यातल्या एका गावच्या तळ्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात मुलांचं शिबिर आहे. दहा ते चौदा वर्षांची पंचवीस मुलं, तीन सकाळी. त्यांच्या हातात द्यायला एकपानी ओळखपत्रक करायचं आहे. दोनदा पाहणी झाली, फोटो काढले, पण बऱ्याच गोष्टी पुस्तकातल्या चित्रांशी जुळेनात.

तळं गोड्या पाण्याचं. पावसात मानस (बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं दार) उघडी ठेवून आत सरद (पावसाळी) भात घेतात, कापणी झाली की मानस बंद करून पाणी अडवतात आणि तेच खाली वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला) सोडतात. आत्ता मधोमध कंबरभर पाणी आहे. कडेने पाणी वीसेक मीटर मागे सरलंय, तिथे चिखल आणि वाळकी झुडपं.

अडलंय ते असं:

१. पाण्यावर बशीएवढी गोल, एका बाजूने चिरलेली पानं. त्यांच्यात पांढरी नाजूक फुलं, जुन्या रुपयाएवढी, झालर लावल्यासारखी. गावात ‘ल्हान साळक’ म्हणाले. साळक (वॉटर लिली) इतकं लहान असतं?

२. कमळपक्षी. वरून तपकिरी, खालून पांढरा, डोळ्यापासून काळी रेघ मानेवरून खाली. लांब शेपटी नाही. कांस्यपंखी कमळपक्ष्याचं पिल्लू समजायचं का?

३. एका जागी पाच पांढरे बगळे. चारांची चोच काळी. म्हणजे चारही लहान बगळेच ना? पण त्यातला एक चांगलाच उंच आहे.

४. चिखलातली वाळकी, मांडीएवढी उंच झुडपं, पेरापेराला पिवळसर काटे. एकाने ‘मारांडी’ सांगितलं.

५. लहान चतुर, पंखांचा बुडाकडचा भाग काळा, मग पांढरा पट्टा, टोकं काचेसारखी.

६. बांधावर मानशीजवळ विष्ठेचा ढीग, सगळा माशांच्या खवल्यांचा. वास उग्र.

७. पाण्याखाली तीन प्रकारचं तरी ‘शेवाळ’ आहे. सरसकट शेवाळच लिहू का?

शिवाय मुलांना बांधावर नेताना सापांबद्दल नेमकं काय सांगावं तेही सुचवा.

---

पाणलव्हाळा

१ आणि ४ घेतो.

पहिलं साळक नव्हे, साळकाच्या कुळातलंही नव्हे. ती कुमुदिनी, शास्त्रीय नाव निम्फॉइडिस. पानावरून फसायला होतं, कारण पान म्हणजे साळकाच्या पानाचीच छोटी प्रत. फुलाकडे पाहा. साळकाला सुट्या पाकळ्यांचे थरावर थर असतात. कुमुदिनीला पाच, क्वचित सहा-सात, आणि त्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या. गळालेलं फूल पाण्यावर सापडलं तर सगळ्या पाकळ्या एकत्रच हातात येतात.

याहून पक्की खूण पाण्याखाली आहे. एक पान काठीने हळूच वर उचलून बघा. साळकाच्या पानाचा देठ वेगळा, फुलाचा वेगळा, दोन्ही तळाच्या गड्ड्यापासून आपापले वर येतात. कुमुदिनीत मात्र पानाच्या लगेच खाली फुलांचा झुबका असतो, जणू पानाच्या देठालाच फुलं लागलीत. त्या एकाच झुबक्यात कोवळ्या कळ्या, आज उमललेलं फूल आणि कालची मान टाकलेली फुलं अशी सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची मंडळी सापडते. फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं, तेव्हा मुलांना आधी इथेच न्या.

आता जात. पांढऱ्या फुलाच्या दोन गोंधळात टाकतात आणि ‘झालर’ एवढ्या शब्दावरून निकाल लागत नाही. पाकळीच्या आतल्या अख्ख्या अंगावर पांढरी लव असेल, कापूस चिकटवल्यासारखी, तर निम्फॉइडिस इंडिका. पाकळीचं अंग गुळगुळीत, मधोमध उभी उंचवटलेली घडी आणि फक्त कडा चुणीदार असेल तर निम्फॉइडिस हायड्रोफिला. घसा दोघींचा पिवळाच, त्यामुळे तो रंग उपयोगाचा नाही. फोटो डोक्यावरून काढलात की पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही. फुलाच्या पातळीला येऊन तिरका काढा आणि कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) एक घर कमी ठेवा.

तिथे खरी साळकं असतील तर पानाची मागची बाजू चाचपा. मखमलीसारखी लव आणि कडा दातेरी असेल तर निम्फिया प्युबेसेन्स. ती रात्री उमलते आणि सकाळी ऊन चढलं की मिटते. मागची बाजू गुळगुळीत आणि फूल निळसर असेल तर निम्फिया नौशाली, ती दिवसा उमलते. कमळ वेगळंच: पानाला चीर नाही, देठ पानाच्या मधोमध लागलेला आणि खरखरीत काटेरी, जुनी पानं पाण्याच्या चांगली वर. आपल्याकडे या सगळ्यांनाच कोणी कमळ म्हणतं, कोणी साळक. पत्रकावर ‘पानाला चीर आहे का?’ हा एकच प्रश्न टाकलात तर मुलं स्वतःच वेगळं करतील.

४ हा कोळसुंदा, ज्याचं बी तालिमखाना म्हणून विकतात. मारांडी नव्हे. काटे कुठून निघतात ते बघायचं: कोळसुंद्याचे पेरापाशी, पानांच्या बगलेतून, सरळ आणि पिवळट. मारांडीच्या चकचकीत पानाच्या कडेलाच काटेरी दात असतात. कोळसुंदा आता वाळलाय, जांभळी फुलं नाहीत, पण सुक्या बोंडांत बी शिल्लक असतं. चिमट्याने दोन बिया काढून ओल्या बोटावर ठेवा. मिनिटाभरात त्यांच्याभोवती बुळबुळीत थर चढतो आणि बी बोटाला चिकटून बसतं. मुलांना ही गंमत पुरते. हाताने बोंड तोडू देऊ नका, काटा खोल रुततो आणि टोक आत मोडतं.

मारांडी की कोळसुंदा हा नुसता नावाचा वाद नाही. मारांडी खाऱ्या-मचूळ पाण्याची. तिच्या सोबतीला खाडीकाठचा तो माणसाएवढा नेचा आणि तिवर दिसले तर ते तळं गोडं नव्हेच, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन). शंका असेल तर पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे असतो तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) वापरा. लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आकडा आला तर पाणी गोडं. हजारांत गेला तर यादी बदलावी लागेल.

जाता जाता गवताबद्दल. देवभात (रानटी भात) आहे का म्हणून कोणीतरी विचारेलच, करमळीच्या तळ्यामुळे ते नाव सगळ्यांना ठाऊक आहे. लोंबी नसताना देवभात आणि पडीक राहिलेलं पेरभात यांत फरक सांगायच्या फंदात पडू नका. भात की भातातलं तण एवढं मात्र आजही सांगता येतं. पात खोडापासून सुटतं तिथे ते मागे वाकवा. भाताला तिथे लांब पातळ पापुद्रा आणि बाजूला दोन केसाळ आकडे असतात. भातातल्या सावासारख्या तणाला त्या जागी काहीच नसतं, कोरी जागा.

---

ढोकरी

२ आणि ३ ची गफलत एकाच कारणाने झालीय. आपल्याकडची बहुतेक पक्षी-ओळख नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते, आणि पाठ होतात त्या खुणा हिवाळ्याच्या. एप्रिल-मेमध्ये हेच पक्षी विणीचा पोशाख चढवतात किंवा अर्धा चढवलेला असतो. रंगावर गेलात की फसलात.

बगळे आधी. चोच काळी म्हणजे लहान बगळा, हे समीकरण थंडीत बरंचसं चालतं. उन्हाळ्यात मोठ्या बगळ्याची आणि मध्यम बगळ्याची पिवळी चोचही काळी होते. मोबाइलमधलं ॲपसुद्धा इथेच चुकतं, कारण एकट्या बगळ्याच्या फोटोत उंची कळत नाही. मग बघायचं काय? तोंडाची चीर. मोठ्या बगळ्याची चीर डोळ्याच्या मागे जाते, मध्यमची डोळ्याखालीच संपते. दुर्बिणीतून पक्षी आडवा दिसला की हे स्पष्ट दिसतं, समोरून दिसत नाही, तेव्हा तो वळेपर्यंत थांबा. लहान बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळी. ही खूण बारमाही, पण बोटं चिखलात असताना निरुपयोगी. तो पाऊल उचलतो किंवा उडतो तेव्हा बघा.

पिसांचीही मदत होते. लहान बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात. मध्यमला डोक्यावर काही नाही, पण पाठीवर आणि छातीवर दोन्हीकडे जाळीदार पिसारा. मोठ्याला फक्त पाठीवर. पाचवा, ज्याची चोच काळी नव्हती, त्याचं डोकं-मान नारिंगी असेल तर गायबगळा. पूर्ण पांढरा आणि चोच पिवळी असेल तर अजून पोशाख न बदललेला मध्यम किंवा मोठा. परत चीर बघा. तुमचा उंच तो बहुधा मोठा बगळा, उरलेल्या तिघांचं पायांवरून ठरवा.

कमळपक्षी. पिल्लू म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही लिहिलेली काळी रेघ छातीवर आडव्या पट्ट्यात जाऊन मिळते का? मिळत असेल तर तो लांब शेपटीचा कमळपक्षीच, विणीचा पोशाख अजून न चढलेला. मेपर्यंत काहींची शेपटी पूर्ण वाढलेली, काहींची अर्धी, काहींची नाहीच, असं एकाच तळ्यावर दिसतं. कांस्यपंखीच्या पिल्लाच्या छातीवर तो काळा पट्टा नसतो, डोळ्यावर आखूड पांढरी भुवई असते. निर्णायक खूण पंखांची. त्याला उडवू नका, दहा मिनिटं बसून राहा. पानांवरून चालताना तोल सावरायला कमळपक्षी वारंवार पंख उघडतो. आत पांढरेशुभ्र पंख आणि त्यांना काळी किनार दिसली की लांब शेपटीचा. पंख गडद, पांढरं काहीच नाही, तर कांस्यपंखी.

मुलांना सांगण्यासारखं आणखी एक: या दोन्ही जातींत अंडी उबवणं आणि पिलं सांभाळणं नराचं काम. मादी एकाहून जास्त नरांशी जोडी जमवते. ते सगळं पावसात, आत्ता घरटी शोधत फिरू नका.

वंचक, म्हणजे ढोकरी, हिवाळ्यात मातकट रेघांची असते. आता तिची पाठ गर्द तांबूस-जांभळट झालीय आणि डोक्यामागे पांढरे तुरे आलेत. लोक नवीनच पक्षी म्हणून फोटो टाकतात. उडाली की पंख पांढरे दिसतात तेव्हा कोडं सुटतं. टिबुकलीची मान थंडीत फिकी, आता लालसर, आणि चोचीच्या बुडाशी पिवळसर ठिपका, लांबूनही चमकतो.

बदकांची यादी उलट सोपी झालीय. तलवार बदक, चक्रांग, थापट्या ही पाहुणी मंडळी एप्रिलपर्यंत निघून जातात. मेमध्ये बदकासारखं दिसलं तर तीनच नावं डोळ्यांसमोर ठेवा: अडई (तपकिरी, उडताना शीळ घालते), काणूक (इवलीशी, नर पांढरा आणि गळ्यात काळी पट्टी), हळदी-कुंकू (चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके). पिसं झडलेलं, आजारी, मागे राहिलेलं एखादं पाहुणं असू शकतं, पण ते अपवाद म्हणून.

सूर्य पाठीशी हवा. सकाळी तुमच्या तळ्याची पूर्वेची बाजू धरा आणि पश्चिमेकडे बघा. उलट बाजूला बसलात तर चकाकीत सगळेच पक्षी काळे.

---

तळीकाठ

फोटो पुन्हा पाहिले. कुमुदिनीची पाकळी आतून पूर्ण लवदार आहे. कमळपक्ष्याच्या छातीवर पट्टा आहे, पुसट पण आहे. काळ्या चोचीच्या उंच बगळ्याची चीर डोळ्याच्या मागे गेलीय, उरलेल्या तिघांची बोटं चिखलात. टीडीएस मीटर मिळाला: तळ्याच्या मध्याकडे १४०, पण मानशीजवळ ६१०. हे कसं?

---

चतुरटाचणी

५ नर आहे, न्यूरोथेमिस टुलिया. भातशेती आणि दलदलीवरचा नेहमीचा. मादीचे पंख पिवळसर, त्यावर गडद डाग, टोकं काळपट. दोघांना दोन वेगळ्या जाती समजण्याची चूक जवळपास प्रत्येक शिबिरात होते. याच्याशी घोळ होतो तो ऱ्हायोथेमिस व्हेरिगाटाचा. त्याच्या पंखांत पिवळा आणि काळा असतो, पांढरा पट्टा नसतो, आणि तो फुलपाखरासारखा तरंगत उडतो. टुलिया गवतातून थोडं उडून पुन्हा बसतो.

मुलांना जाती पाठ करायला लावू नका. आधी चतुर की टाचणी. बसल्यावर पंख आडवे पसरलेले, शरीर दणकट: चतुर. पंख पाठीवर मिटलेले, शरीर काडीसारखं, डोळे एकमेकांपासून लांब: टाचणी. डोळे लांब एवढीच खूण धरू नका, कारण शेपटीच्या टोकाला पाकळ्यांसारखे पंखे असलेला तो मोठा पिवळा-काळा चतुर, इक्टिनोगॉम्फस, त्याचेही डोळे एकमेकांना चिकटत नाहीत.

नारिंगी पंखांचा, जमिनीलगत झुंडीने बसणारा लहान चतुर दिसला तर मोजा. ब्रॅकिथेमिस कॉन्टॅमिनाटा, घाण पाणी सहज सोसतो. तो असणं म्हणजे तळं बिघडलं असं नाही, पण तोच तो आणि बाकी कोणीच नाही असं झालं तर पाणी कुठून येतंय ते बघायला हवं.

७ सरसकट शेवाळ लिहू नका, त्यातलं बहुतेक शेवाळ नसतंच. पांढरी खोल बशी घ्या, त्यात दोन बोटं पाणी, आणि मूठभर त्यात मोकळं सोडा. पाण्याबाहेर सगळ्याचा एकच लगदा होतो, पाण्यात पानं उलगडतात.

देठाभोवती चार-आठ पानांची चक्रं आणि बोटांतून ओढलं की खरखर: हायड्रिला, कडेला बारीक दात असतात. पानं दोन-दोनदा फाटा फुटलेली, मुळं अजिबात नाहीत, टोक कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुबकेदार: सेराटोफायलम. पानांची जाळी आणि तिच्यात मोहरीपेक्षा लहान फुगे: युट्रिक्युलॅरिया. हाच भिंगाखाली दाखवायचा. प्रत्येक फुग्याला आत उघडणारं झाकण असतं, त्याच्या केसाला पाणपिसू लागली की झाकण उघडतं आणि पाण्यासकट ती आत खेचली जाते. रिकामे फुगे पारदर्शक, भरलेले काळपट. सड्यांवर भाद्रपदात फुलते ती सीतेची आसवं याचीच भावंडं. तुमच्या तळ्यात पाण्यावर पिवळी फुलं वर आलेली असतील तर युट्रिक्युलॅरिया ऑरिया. आणि चुरडल्यावर लसणीसारखा वास, हाताला चुनखडीची कचकच: कारा. तेवढंच एक खरं शेवाळ.

दहा पटींचं भिंग पुरतं. भिंग डोळ्याला चिकटवून वस्तू जवळ आणायची, उलट नाही. मुलं नेमकी भिंग वस्तूवर धरतात आणि काही दिसत नाही म्हणतात.

बशीतलं सगळं त्याच तळ्यात परत टाका, दुसऱ्या तळ्यावर नेऊ नका. पानावर केस असलेला तरंगता नेचा, साल्व्हिनिया, असेल तर एक तुकडाही बुटाला चिकटून जाता कामा नये. त्याला बी लागत नाही, तुकड्यातूनच पसरतो. ओळख सोपी: पानावर पाण्याचा थेंब टाका, मोत्यासारखा घरंगळतो. भिंगाखाली केसांची टोकं अंडी फेटायच्या रवीसारखी जुळलेली दिसतात. जलपर्णी वेगळी, तिचा देठ फुगलेला, आडवा कापला तर आत स्पंज.

---

बांधावरून

आधी तो ६१० चा आकडा. मानस शंभर टक्के घट्ट कधीच बसत नाही. बाहेर भरतीची नदी किंवा खाडीची उपशाखा असेल तर मोठ्या भरतीला फळ्यांच्या फटीतून मचूळ पाणी आत झिरपतं, आणि उन्हाळ्यात नदीत गोडं पाणी कमी असल्याने ते जास्त खारं असतं. मानशीपासून पन्नास पावलं, शंभर पावलं, असे आकडे घ्या. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. वरचं पाणी मोजलं तर आकडा कमी येतो. बाटलीला दगड बांधून, बूच दोरीने ओढता येईल असं लावून तळाचं पाणी काढा. अमावास्या-पौर्णिमेनंतर दोन दिवसांत एकदा आणि अष्टमीच्या आसपास एकदा मोजलंत तर गळती आहे की नाही ते स्पष्ट होईल. वरच्या पोस्टमध्ये ५०० ची रेघ दिलीय ती बरोबर, पण एका ठिकाणच्या एका आकड्यावर तळं गोडं की खारं ठरवू नका. आणि मानशीजवळच्या कोपऱ्यात मारांडीचं एखादं झुडूप खरोखरच सापडू शकतं. सांगणारा पूर्ण चुकला असेल असं नाही.

६ पाणमांजराची विष्ठा वाटते. आपल्याकडे हूद म्हणतात, आणि उदमांजराशी नावाची सरमिसळ होते, तेव्हा पत्रकावर पाणमांजर लिहा. उदमांजराच्या विष्ठेत फळांच्या बिया जास्त. नुसते खवले आणि काटे, उंचवट्याच्या एकाच जागी जुने-नवे ढीग एकत्र, हे पाणमांजराचं. खवल्यांऐवजी खेकड्याच्या कवचाचे तुकडेच भरलेले असतील तर छोट्या नख्यांच्या पाणमांजराचा विचार करता येतो, पण तेवढ्यावर जात ठरवू नका. चिखलात पाऊल शोधा. पाच बोटं उमटतात, चिखल मऊ असेल तर मधलं कातडंही. रानमांजराची चारच बोटं, नख्या नाहीत. फोटोत शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं. विष्ठेला हात लावू नका. आणि ती जागा नेमकी कुठे ते सार्वजनिक ॲपवर टाकू नका, ठिकाण झाकायची सोय असते ती वापरा.

साप. अशा तळ्यावर दिसणारा बहुधा दिवड: अंगावर चौकटीचे ठिपके, डोळ्याखालून आणि डोळ्यामागून निघालेल्या दोन तिरक्या काळ्या रेघा. विषारी नाही पण तापट. डिवचलं तर डोकं चपटं करतो, मग लोक नाग म्हणतात. बांधाच्या सुक्या गवतात घोणस असू शकते: जाड अंग, पाठीवर साखळीसारख्या ओळीत गडद लंबगोल ठिपके, कुकरच्या शिटीसारखा फुसकारा. मुलांना फरक शिकवू नका. सगळ्या सापांना एकच नियम: थांबायचं, दोन मीटर मागे, मोठ्यांना हाक. चावलाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चावलेला भाग हलवायचा नाही आणि १०८. दिवडाचा चावा भळभळ वाहतो म्हणून घबराट होते, पण साप ओळखलाय असं समजून घरी बसू नका. इस्पितळात न्यायचंच.

मगरींचंही गावात विचारून घ्या. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी सगळ्यांना माहीत आहेत, पण गोड्या तळ्यांतही त्या असू शकतात. मासे धरणाऱ्यांना विचारा, तेच खरं सांगतात. मुलं पाण्याच्या काठाला तीन मीटरपेक्षा जवळ येणार नाहीत अशी दोरी बांधा. पाणपक्षी चुन्याने आखल्यासारखे एका ओळीत बसत नाहीत, तसं मुलांचंही असतं, म्हणून दोरीच.

कडेच्या सुक्या चिखलात टिटवीची अंडी असतील, चार, उघड्यावर, मातीच्याच रंगाची. टिटवी ओरडत डोक्यावर झेपावायला लागली की पुढे पाऊल टाकायचं नाही. आलात त्याच पावलांवरून मागे फिरायचं.

---

पाणलव्हाळा

मानशीबद्दलची दुरुस्ती मान्य. ५०० ची रेघ मी एकाच आकड्याच्या हिशेबाने लिहिली होती.

पूर्ण लव म्हणजे निम्फॉइडिस इंडिका, ते नक्की. उंच बगळा मोठाच. बाकीच्या तिघांबद्दल पत्रकावर ‘लहान किंवा मध्यम’ लिहा, मुलांना बोटं बघू दे.

पत्रकाबद्दल एक सूचना. बारा-पंधरा चित्रांची यादी करू नका, जोड्या करा. एका ओळीत दोन चित्रं आणि मध्ये एकच प्रश्न: ‘फूल पानाच्या खालून निघतं की तळातून?’ (कुमुदिनी, साळक). ‘चीर डोळ्याच्या मागे जाते?’ (मोठा बगळा, मध्यम बगळा). ‘पंखांत पांढरं आहे?’ (दोन कमळपक्षी). ‘काटा पेरावर की पानावर?’ (कोळसुंदा, मारांडी). ‘बसल्यावर पंख मिटले?’ (टाचणी, चतुर). ‘ओढलं की खरखर?’ (हायड्रिला, सेराटोफायलम). ब्राह्मीचीही जोडी घाला, कारण कडेच्या ओलीत दोन्ही सापडतात: जाडसर बारीक समोरासमोर पानं ती जलब्राह्मी, वाटोळं मूत्रपिंडाच्या आकाराचं पान ती एकपानी. बाजारात दोन्ही ब्राह्मीच म्हणून जातात.

सात ओळी होतात, कागदाची एकच बाजू. मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख, वेळ, मानशीपासून किती पावलं आणि टीडीएसचा आकडा लिहायला चार रकाने. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पेन्सिल सुतळीने बांधलेली. शाईचं पेन चिखलाच्या हाताने दहा मिनिटांत बंद पडतं.

---

तळीकाठ

जोड्यांचंच करतोय. टाचणीचं चित्र कोणाकडे आडव्या बाजूने काढलेलं असेल तर द्या, माझ्याकडची सगळी वरून आहेत, पंख मिटलेले दिसतच नाहीत.